ट्रेलरचा तळ, दुसऱ्यांदा

गादी उचलली तेव्हा आधी वास आला. बंद कपाटात ओलं फडकं विसरून राहिलं की येतो तसा. मागच्या डाव्या कोपऱ्यात, चाकाच्या पाठीमागे, प्लायचा रंग जरासा काळपट दिसत होता. हात फिरवून पाहिला. वॉर्निश गुळगुळीत, कुठे फुगवटा नाही, चीर नाही. म्हणून नुसती खात्री करायला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि जरा दाबलं. ते थेट मुठीपर्यंत आत गेलं. १८ मिलिमीटरच्या तळातून चार इंची पातं आरपार गेलं होतं आणि हाताला काहीच जाणवलं नव्हतं.

हा तळ मीच घातला होता, जेमतेम दीड वर्षापूर्वी. कुणावर खापर फोडायची सोय नव्हती.

ट्रेलर साधाच आहे. लोखंडी सांगाडा, वर प्लायची पेटी, आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, मागे दार उघडलं की छोटंसं स्वयंपाकघर. अश्रूच्या थेंबासारख्या आकाराचे हे ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरी बांधत आलेत. त्यातले पुष्कळसे ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतात, कारण प्लायची शीट तेवढीच येते. शीट आणली, सांगाड्यावर ठेवली, तळ झाला. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पहिल्या वेळी मी केलं ते असं. चांगल्यातली १८ मिलिमीटरची शीट आणली. वरून वॉर्निशचे तीन हात दिले, अगदी निगुतीने, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर मारून. खालच्या बाजूला एकच हात, तोही उरकल्यासारखा, कारण ती बाजू कोण बघणार! कडांवरून ब्रश जाता जाता फिरला तेवढाच. मग ती चकचकीत शीट सांगाड्यावर ठेवली, आणि त्यानंतर ड्रिल घेऊन तिला भोकं पाडली. बोल्टची चौदा, भिंतींच्या पट्ट्यांसाठी स्क्रूची वीसेक, वायरचं एक. आधी छत्री शिवून घ्यायची आणि मग तिला सुईने टोचत सुटायचं, असा तो प्रकार होता. पण हे मला आत्ता दिसतंय.

सडलेला तळ काढायला दोन दिवस लागले. तो उलटा टाकला तेव्हा सगळा नकाशाच समोर आला. मधला भाग बहुतेक सगळीकडे ठणठणीत. सड होती ती फक्त दोन ठिकाणी: कडेपासून चार बोटं आत आलेली एक पट्टी आणि प्रत्येक बोल्टभोवती एक काळं वर्तुळ. चाकं पाणी उडवतात तिथे ही वर्तुळं मोठी होऊन एकमेकांत मिसळली होती. धाकटा भाऊ मदतीला आला होता. तो पटाशीने एकेक पापुद्रा उचकटत म्हणाला, "दादा, वरून तर काहीच गेलेलं नाही रे." तेच खरं होतं. ज्या बाजूची मी एवढी काळजी घेतली तिथून पाणी आलंच नव्हतं.

लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकाकडून. झाडात पाणी मुळापासून शेंड्याकडे वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. फळी आडवी कापली की त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असे पातळ थर चिकटवलेले असतात. म्हणजे तुम्ही कुठलीही कड घ्या, तिच्यात जवळजवळ निम्म्या थरांच्या नळ्या बाहेर तोंड करून बसलेल्या असतात. आणि भोक म्हणजे गोल फिरलेली कडच. बोल्ट आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट असली तरी पाणी त्या फटीत आपोआप खेचलं जातं. वरून वॉर्निशचा जाड थर असला की आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर सडवणारी बुरशी वाढत नाही. माझ्या तळात तिच्यासाठी कायम ओलं, बंद, अंधारं घर मी स्वतः बांधून दिलं होतं.

बायको मात्र एवढ्यावर समाधान मानायला तयार नव्हती. "अहो, पण वास गादीखालून येत होता, नुसता कोपऱ्यातून नाही." पहिल्यांदा मी ते उडवून लावलं. मग गादी उलटी करून पाहिली तर मधोमध, आम्ही झोपतो बरोब्बर त्या जागी, करड्या ठिपक्यांची बुरशी. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, अंगातून वाफ निघते, ती गादीतून खाली उतरते आणि थंड प्लायवर दव होऊन बसते. हे पाणी वरून येतं, आणि त्याला प्लाय बंद करणं हा इलाज नाही. गादीखाली हवा खेळती हवी. म्हणून नव्या तळावर २ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यांची जाळी आली. ती सूचना तिची, श्रेय तिलाच.

तर दुसरा तळ.

प्लाय निवडताना या वेळी दुकानात शीटच्या चारही कडा बघितल्या. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या की ती शीट बाजूला. मरीन प्लाय, म्हणजे होड्यांसाठी बनवतात तो, घेतला. त्याच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे की तो सडत नाही. सडतो. त्यातला डिंक पाण्याला दाद देत नाही, लाकूड मात्र लाकूडच असतं. पूर्णपणे जलरोधक असा प्लायचा डिंक अमेरिकेतल्या हार्बर प्लायवुड कंपनीत जेम्स नेविन या रसायनतज्ज्ञाने १९३४ मध्ये तयार केला, आणि त्यानंतर प्लाय खऱ्या अर्थाने घराबाहेर पडला. पण त्या डिंकाने एवढंच होतं, की भिजल्यावर थर सुटे होत नाहीत. बुरशीला डिंकाशी काही देणंघेणं नसतं. मरीन प्लायचे पैसे मी मोजले ते आत पोकळ्या नसाव्यात म्हणून. पोकळी असली की एका भोकातून शिरलेलं पाणी आतल्या आत फूटभर लांब जाऊन बसतं.

जाडी १८ ऐवजी १२ घेतली. १८ ची अख्खी शीट साधारण ३२ किलो भरते, १२ ची २१. अकरा किलो वाचले म्हणून खूश होतो, पण सांगाड्याच्या आडव्या अँगलमध्ये ८० सेंटिमीटरचं अंतर होतं आणि १२ मिलिमीटरचा प्लाय तेवढ्या अंतरात पायाखाली झुलतो. तळ झुलला की बोल्टभोवतीचं सील रोज थोडं थोडं ताणलं जातं, आणि एक दिवस सुटतं. म्हणून मध्ये तीन अँगल वेल्डिंग करून घेतले, ४० मिलिमीटर रुंदीचे आणि ४ जाडीचे. त्यांचं वजन जवळजवळ नऊ किलो. म्हणजे एवढ्या खटाटोपातून निव्वळ कमाई दोन किलो. भाऊ अजून त्यावरून टोमणे मारतो. पण तळ आता दगडासारखा वाटतो आणि शीट एकट्याला उचलता येते.

काही जण दोन पातळ प्लायमध्ये थर्माकोलसारखा कडक फोम भरून तळ करतात. हलका होतो, थंडीही अडते. मी त्या वाटेला गेलो नाही. आत बंद जागा असली की गळतीचा पत्ता लागतो तोपर्यंत सगळं आतून गेलेलं असतं. सडका तळ एकदा उचकटून झालेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी उघडा दिसणारा तळ हवासा वाटतो.

मापं घेताना आणखी एक गोष्ट कळली. ८ बाय ४ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत, २४४० आणि १२२० मिलिमीटरच्या हिशोबाने २७२८. माझ्या सांगाड्याच्या दोन कर्णांत नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे सांगाडा मुळातच किंचित तिरका होता आणि पहिल्या वेळी दार नीट का बसत नव्हतं त्याचं उत्तर मला दीड वर्षाने मिळालं. सांगाडा तसाच ठेवला, प्लाय काटकोनात ठेवला. यापुढे भिंतींची सगळी मापं प्लायवरून घ्यायची, लोखंडावरून नाही, असं खडूने सांगाड्यावरच लिहून ठेवलं.

कापकाम फार नव्हतं. गोल करवतीचे दात खालून वर येतात, त्यामुळे वरच्या बाजूच्या चिरफळ्या उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची आणि रेघेवर टेप चिकटवून कापायचं. कापून झाल्यावर सगळ्या कडांचे कोपरे पॉलिश पेपरने घासून गोलसर केले. हे दिसायला बरं म्हणून नाही. धारदार कोपऱ्यावर कुठलाही रंग किंवा एपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारं प्लास्टिकसारखं रसायन, या वेळी वॉर्निशऐवजी मी तेच लावणार होतो) थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओघळून तिथे थर अगदी पातळ होतो.

यानंतर मी जे केलं ते पहिल्या वेळच्या बरोब्बर उलटं. एकही थेंब न लावता कोरी शीट सांगाड्यावर ठेवली, शिकंजांनी आवळली, आणि सगळी भोकं पाडून टाकली. बोल्टची, भिंतीच्या स्क्रूंची, स्टँडच्या पायांची. मग शीट खाली उतरवली आणि बोल्टचं प्रत्येक भोक मोठं केलं. बोल्ट ८ मिलिमीटरचा, भोक १४ चं. खालून टेप लावून ते भोक बंद केलं. आत आधी नुसतं पातळ एपॉक्सी ब्रशने फिरवलं, म्हणजे कापलेल्या नळ्यांनी हवं तेवढं पिऊन घ्यावं. थोड्या वेळाने उरलेलं भोक सिलिकाची पूड मिसळलेल्या, पुट्टीइतक्या घट्ट एपॉक्सीने गच्च भरलं. दुसऱ्या दिवशी ते खडकासारखं झालं, तेव्हा त्याच्या मधोमध ८.५ मिलिमीटरचं नवं भोक पाडलं. आता बोल्टच्या भोवती जवळजवळ तीन मिलिमीटरची प्लास्टिकसारखी भिंत आहे आणि बोल्टभोवती पाणी शिरलं तरी त्याला लाकूड भेटतच नाही. होड्या बांधणारे लोक डेकवर काही बसवताना असंच करतात. मी ते ट्रेलरच्या पोटाखाली केलं.

वाचायला पाच ओळी लागल्या, करायला चार संध्याकाळी गेल्या. चौदा भोकं, आणि स्क्रूची बावीस. स्क्रूच्या जागी ६ मिलिमीटरची भोकं भरून घेतली आणि नंतर त्या भरावातच बारीक भोक पाडून स्क्रू फिरवले.

यात एक चूक होता होता वाचली. मी डोक्याखाली चौकोनी मान असलेले बोल्ट आणून ठेवले होते, लाकडात ती मान रुतते आणि बोल्ट फिरत नाही म्हणून. एका उरलेल्या तुकड्यावर करून पाहिलं. चौकोनी मान एपॉक्सीच्या भरावात शिरताना टक्कन आवाज झाला आणि भराव दुभंगला. ते बोल्ट गेले डब्यात. स्टेनलेसचे, चपट्या डोक्याचे ॲलन बोल्ट आणि रुंद वॉशर घेतले. सुट्या तुकड्यावर आधी करून बघायची सवय मला नव्हती. त्या टक्क आवाजाने लावली.

आता एपॉक्सी. माझ्याकडे होतं ते दोन भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर, आकारमानाने. वजनाने नव्हे. दोन्हींची घनता वेगळी असते, त्यामुळे काट्यावर दोनास एक मोजलं तर प्रमाण चुकतं. आणि लवकर वाळावं म्हणून हार्डनर थोडं जास्त टाकायचं हे तर अजिबात नाही. जास्तीचं हार्डनर तसंच न जुळता राहतं आणि थर कायमचा चिकट राहतो.

पहिला हात द्यायच्या दिवशी मी उत्साहात एका खोल प्लास्टिकच्या डब्यात एकदम बरंचसं मिसळलं. मोठी शीट आहे, पुन्हा पुन्हा कोण मिसळत बसणार. निम्मी शीट झाली असेल, तेवढ्यात भाऊ ओरडला, "दादा, डब्यातून धूर येतोय!" बघतो तर डबा हातात धरवत नव्हता. तळाशी प्लास्टिक मऊ होऊन एका बाजूला वाकलं होतं आणि आतलं एपॉक्सी पिवळं पडून बुडबुडत होतं. हे दोन पदार्थ एकमेकांशी जुळताना उष्णता सोडतात. खोल डब्यात ती उष्णता बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रक्रिया आणखी वेगाने होते, त्याने आणखी उष्णता. तेच मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतलं असतं तर दुप्पट वेळ मिळाला असता. डबा चिमट्याने उचलून अंगणात मोकळ्या जमिनीवर नेऊन ठेवला आणि लांबून बघत बसलो. तो कचऱ्याच्या पेटीत टाकायचा नाही, एवढं मला माहीत होतं. तो दगड अजून आहे, आतून तडकलेला, मधाच्या रंगाचा. भाऊ त्याला माझं पदक म्हणतो.

नव्याने मिसळलं, थोडं थोडं, ट्रेमध्ये. शीट पूर्ण झाली. छान आरशासारखी दिसत होती. तासाभराने परत येऊन पाहिलं तर सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढे फुगे. फोडले, पुन्हा आले. मी सकाळी काम काढलं होतं आणि ऊन चढत होतं. लाकूड तापतं तशी त्याच्या आतली हवा प्रसरण पावते आणि बाहेर पडायला बघते, आणि वर ओलं एपॉक्सी असतं. प्रत्येक फुगा फुटला की तिथे सुईएवढं छिद्र राहतं. जे बंद करायला हा सगळा उद्योग मांडला होता तेच. शीट वाळू दिली, घासून काढली, आणि दुसरी बाजू संध्याकाळी घेतली. दिवसभर तापलेली शीट निवत असताना आतली हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढून घेते. एकही फुगा नाही. तीच शीट, तेच मिश्रण, फरक फक्त वेळेचा.

कडांना मोजून हात दिले नाहीत, त्यांची तहान भागेपर्यंत दिले. पहिला हात दहा मिनिटांत नाहीसा झाला, जणू लावलाच नव्हता. दुसराही बराचसा गेला. तिसऱ्याला कुठे कड ओली दिसायला लागली. एकूण पाच झाले. कडेला बोट लावलं की आता ती काचेसारखी लागते.

पहिला थर चिकटसर असतानाच दुसरा दिला तर मध्ये घासावं लागत नाही, दोन्ही एकजीव होतात. मी दुसरा रात्री उशिरा दिला, तिसरा दुसऱ्या दिवसावर गेला. सकाळी पृष्ठभागावर हात फिरवला तर मेणचट, तेलकट थर. हवेतल्या ओलाव्याने काही एपॉक्सींवर असा थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवावा लागतो. आधी घासायला घेतलं तर तो पॉलिश पेपरमध्ये बसतो आणि आपण तोच मेणचटपणा सगळीकडे चोळत फिरतो. आधी धुणं, मग कोरडं करणं, मग घासणं. मला हे माहीत होतं, तरी एक फूटभर जागा घासून झाल्यावर आठवलं.

हातमोज्यांबद्दल. मी घातले होते. भाऊ म्हणाला, "एवढंसं तर आहे," आणि मनगटाला लागलेलं थिनरने पुसलं. दोन दिवसांनी तिथे लाल पुरळ उठलं. थिनरने पुसलं की ते कातडीत आणखी खोल जातं. साबण आणि पाणी बरं. आणि एकदा का शरीराने एपॉक्सीची धास्ती घेतली की ती सहसा जात नाही, पुढच्या वेळी थोड्यानेही त्रास होतो. आता तो दोन हात लांब उभा राहून सूचना देतो, जे त्याला तसंही आवडतं.

थर पक्का व्हायला आठवडा द्यायचा होता. तेवढ्यात मी एक खेळ केला. उरलेल्या प्लायचे १० सेंटिमीटरचे तीन चौकोन कापले. एक सगळीकडून बंद केला. दुसऱ्याच्या फक्त दोन मोठ्या बाजू बंद केल्या, कडा उघड्या. तिसरा सगळीकडून बंद केला आणि वाळल्यावर त्यात मधोमध एक स्क्रू फिरवला, जसे मी पहिल्या तळात फिरवले होते. तिघांचं वजन केलं आणि बादलीत बुडवून वर वीट ठेवली. आठ दिवसांनी काढले. पहिल्याचं वजन एखाद्या ग्रॅमने वाढलं असेल. दुसरा वीस ग्रॅमने जड झाला होता, कडा फुगल्या होत्या. तिसऱ्यात तीनच ग्रॅम वाढ. मी म्हटलं, मग एवढं काही वाईट नाही. पण करवतीने तो स्क्रूच्या जागेवरून उभा चिरला तेव्हा आत स्क्रूच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याच्या नखाएवढा गडद डाग. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. काट्यावरही फार नाही. ते तीन ग्रॅम सगळे एकाच जागी बसले होते.

एपॉक्सी न वापरताही हे काम होतं. पॉलियुरेथेन वॉर्निशमध्ये निम्मं टर्पेंटाइन घालून पहिला हात पातळ द्यायचा, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं, मग प्रत्येक हातात टर्पेंटाइन कमी करत जायचं. स्वस्त पडतं, मिसळायची कटकट नाही, धूर तर नाहीच. माझा पहिला तळ सडला तो वॉर्निशमुळे नाही. भोकं पाडायच्या आधी लावलं म्हणून सडला. क्रम बदलला असता तर तेच वॉर्निश आणखी कित्येक वर्षं टिकलं असतं, असं मला वाटतं. मी एपॉक्सी घेतलं ते बोल्टच्या भरावासाठी, आणि एकदा डबा उघडल्यावर उरलेलं कुठे ठेवायचं म्हणून.

खालच्या बाजूला एपॉक्सीवर पाण्यात मिसळणाऱ्या डांबरी लेपाचे दोन हात दिले. एपॉक्सी कडक असतं, चाकाने उडवलेल्या खड्याने त्याचा टवका उडू शकतो. डांबरी लेप मऊ असल्यामुळे तो मार सोसतो. आतल्या बाजूला पुन्हा वॉर्निश, कारण एपॉक्सीला ऊन सोसत नाही आणि दार उघडं असलं की त्या पट्ट्यात ऊन पडतंच.

बसवताना लोखंड आणि प्लाय यांच्यामध्ये ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी घातली. बोल्टच्या डोक्याखाली पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नाही. ते एकदा लागलं की त्या जागेवर नंतर रंग चिकटत नाही, दुसरं सीलंट चिकटत नाही, आणि पूर्ण निघता निघत नाही. बोल्ट एकदम आवळले नाहीत. सीलंट जरा बाहेर डोकावेल इतपतच आवळून दोन दिवस सोडून दिलं, आणि मग अर्धा वळसा. सगळं ओलं असताना पिळून काढलं तर सीलंट बाहेर येतं आणि आत काही उरत नाही.

मग बागेचा पाइप घेऊन खाली झोपलो आणि चाकांच्या मागून अर्धा तास पाणी मारलं. बायको आत बसून टॉर्चने एकेक बोल्ट बघत होती. "कोरडं. हाही कोरडा. अहो, इथे काय आहे हे?" माझं काळीज लक्कन हललं. तिच्याच केसांतून पडलेला पाण्याचा थेंब होता, दारातून तुषार आत आला होता.

भिंती चढल्या, जाळी बसली, गादी आली. बॅटरी बसवायच्या दिवशी वायरचं टोक हातात घेऊन मी ट्रेलरखाली सरकलो आणि तसाच पडून राहिलो. सगळी भोकं मी आधी पाडली होती. वायरचं सोडून.

"दादा, एकच तर भोक आहे," भाऊ ड्रिल पुढे करत म्हणाला. "पाड आणि सीलंट मार."

मी २५ मिलिमीटरचं भोक पाडलं, आतल्या कडेला ब्रशने पातळ एपॉक्सी लावलं, आणि ते पिऊन झाल्यावर पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी धुतलं, घासलं, तिसरा हात दिला. रबरी बूच आणि सीलंट त्याच्यानंतर. संध्याकाळी बायकोने दिवा लावायला बटण दाबलं, काहीच झालं नाही.

"वायर जोडली नाही अजून?"

"भोक वाळतंय," मी म्हटलं.